हिल्सबरो : चाहत्यांवर लादलेलं ‘सत्य’

१९ एप्रिल १९८९ रोजी ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपणाऱ्या ‘द सन’ या दैनिकाचं पहिलं पान एकाच मथळ्याने व्यापलं होतं, ‘द ट्रुथ’. म्हणजे ‘सत्य’. त्याखाली तीन आरोप ठळक अक्षरांत छापले होते. काही चाहत्यांनी मृतांचे खिसे साफ केले. काहींनी पोलिसांवर लघवी केली. काहींनी तोंडाने श्वास देऊन जीव वाचवू पाहणाऱ्या पोलीस शिपायाला मारहाण केली.

हे चाहते म्हणजे लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे समर्थक. चार दिवस आधी, १५ एप्रिलच्या शनिवारी, ते शेफिल्ड शहरातल्या हिल्सबरो मैदानावर एफए कपची उपांत्य लढत पाहायला गेले होते. प्रतिस्पर्धी संघ होता नॉटिंगहॅम फॉरेस्ट. त्या दुपारी उभ्याने सामना पाहण्याच्या जागेत इतकी गर्दी कोंबली गेली, की ९४ जण त्याच दिवशी मरण पावले. एक मुलगा काही दिवसांत गेला. एक तरुण जवळपास चार वर्षं बेशुद्धावस्थेत राहून १९९३ मध्ये गेला, तर एक जखमी २०२१ मध्ये. एकूण बळी ९७. सर्वांत लहान १० वर्षांचा, सर्वांत वयस्कर ६७ वर्षांचा. बहुतेक जण तिशीच्या आतले.

‘सन’ने छापलेले तिन्ही आरोप खोटे होते. न्यायमूर्ती पीटर टेलर यांच्या चौकशीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते फेटाळून लावले होते. तरीही पहिल्या पानावर माफी यायला २०१२ साल उजाडावं लागलं.

एखाद्या दैनिकाने खोटं छापावं, याचं मला फारसं नवल वाटत नाही. नवल याचं, की ते इतक्या सहज पचलं. मैदानात पन्नास हजारांहून जास्त माणसं होती, टीव्हीचे कॅमेरे सुरू होते, छायाचित्रकार हजर होते. इतके साक्षीदार असताना देशातल्या फार मोठ्या वर्गाने मेलेल्यांनाच दोषी का मानलं? कारण फुटबॉलच्या चाहत्यांचं चित्र त्याआधी वीसेक वर्षं रंगवून तयार होतं. त्या चित्रावर विश्वास ठेवून मैदानांना कुंपणं घातली गेली. त्या कुंपणांत माणसं मेली. मग ती का मेली हे सांगायलाही तेच चित्र वापरलं गेलं. हिल्सबरोचा इतिहास वाचताना हा क्रम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

चित्र कसं तयार झालं

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. इंग्लंडच्या फुटबॉलमधली हुल्लडबाजी ही माध्यमांनी रचलेली दंतकथा नव्हती. १९६०च्या दशकापासून मारामाऱ्या होत होत्या. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलचे काही समर्थक युव्हेंटसच्या प्रेक्षकांवर धावून गेले. पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ जणांचा जीव गेला. त्यात बहुतांश इटालियन होते. पुढे लिव्हरपूलच्या १४ समर्थकांना सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली आणि इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून बाहेर काढण्यात आलं. हे सगळं खरं आहे. ते लपवून चाहत्यांची बाजू मांडता येत नाही.

पण काही जणांचा गुन्हा आणि लाखोंची ओळख, यांतलं अंतर वृत्तपत्रांनी मिटवलं. समाजशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं होतं, की माध्यमं एखाद्या गटाला समाजाचा शत्रू म्हणून उभं करतात तेव्हा प्रत्यक्ष घटनेपेक्षा तिचं वर्णन मोठं होत जातं. त्यांचा अभ्यास समुद्रकिनाऱ्यांवर भांडणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांबद्दल होता. १९७८ मध्ये मूळचे जमैकाचे असलेले विचारवंत स्टुअर्ट हॉल यांनी फुटबॉल हुल्लडबाजीच्या बातम्या तपासल्या. चाहत्यांसाठी जनावरांची आणि वेड्यांची विशेषणं सर्रास वापरली जात होती. माणूस एकदा जनावर ठरला, की त्याला समजून घेण्याची गरज उरत नाही. उरतो फक्त त्याला कोंडण्याचा प्रश्न.

झालंही तसंच. १९७०च्या दशकापासून मैदानांच्या कडेला उंच पोलादी जाळ्या उभ्या राहिल्या. उभ्याने पाहणाऱ्या प्रेक्षकांच्या जागेचे लोखंडी कठडे घालून कप्पे पाडण्यात आले. त्या कप्प्यांना इंग्रजीत जो शब्द रूढ झाला, तो ‘पेन’. गुरं कोंडायच्या जागेलाही इंग्रज हाच शब्द वापरतो. मराठीत सरळ ‘कोंडवाडा’ म्हणता येईल. चेल्सी क्लबच्या अध्यक्षांनी १९८५ मध्ये चाहत्यांसमोर विजेचं कुंपण उभारलं. त्यात वीज सोडायची परवानगी मिळाली नाही, एवढंच. त्याच वर्षी ११ मे रोजी ब्रॅडफर्डच्या मैदानात लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण मेले. तिथे प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये जाळी नव्हती, म्हणून शेकडो माणसं मैदानात उतरून वाचली. या घटनेतून धडा घ्यायचा, तर जाळ्या काढायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ‘संडे टाइम्स’च्या अग्रलेखाने फुटबॉल हा झोपडपट्टीचा खेळ आणि त्याचे प्रेक्षक झोपडपट्टीचे लोक असल्याचा निवाडा दिला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने प्रत्येक चाहत्याला ओळखपत्र सक्तीचं करण्याचा कायदा आणायचं ठरवलं.

लिव्हरपूलच्या माणसाला तर दुहेरी मार होता. बंदराचं शहर, आयरिश स्थलांतरितांची मोठी वस्ती, गोदी बसल्यामुळे पसरलेली बेकारी, १९८१ची टॉक्सटेथची दंगल. राजधानीतल्या वृत्तपत्रांसाठी हे शहर म्हणजे संपकरी, चोर आणि कामचुकार लोकांचं गाव. या शहराला हळूहळू मरू द्यावं का, याचा विचार तेव्हा मंत्रिमंडळाच्या पातळीवर झाला होता, हे २०११ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांतून उघड झालं.

त्या दुपारी काय घडलं

हिल्सबरोवर लिव्हरपूलचे चाहते संख्येने जास्त येणार हे ठाऊक होतं. तरी त्यांना लेपिंग्ज लेन ही लहान बाजू देण्यात आली. दोन्ही संघांचे समर्थक रस्त्यात समोरासमोर येऊ नयेत, हा पोलिसांचा हिशेब होता. उभ्याने पाहणाऱ्या १०,१०० प्रेक्षकांसाठी तिथे फक्त सात फिरती फाटकं होती. मैदानाचं सुरक्षा प्रमाणपत्र १९७९चं. त्यानंतर बांधकामात बदल झाले, पण प्रमाणपत्र तेच राहिलं. १९८१ मध्ये याच बाजूला चेंगरून ३८ जण जखमी झाले होते. बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकेनफील्ड यांना त्या पदावर येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

सामना तीनला सुरू व्हायचा होता. अडीचच्या सुमारास फाटकाबाहेर माणसं चिरडायची वेळ आली. २ वाजून ५२ मिनिटांनी डकेनफील्ड यांनी ‘सी’ क्रमांकाचं मोठं दार उघडायचा आदेश दिला. सुमारे दोन हजार माणसं आत आली. समोर बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत जात होता. ते आधीच भरलेले होते, बाजूचे कप्पे मात्र बरेच मोकळे. बोगद्याच्या तोंडाशी चार शिपाई उभे करून लोकांना बाजूला वळवायचं, एवढंच काम होतं. ते कुणी केलं नाही.

पुढे जाळी, मागून रेटा. माणसं उभ्या उभ्या गुदमरली. काही जण जीव वाचवायला जाळीवर चढू लागले, तेव्हा पोलिसांना वाटलं, मैदानावर हल्ला होतोय. काहींना परत आत ढकलण्यात आलं. श्वानपथकाला बोलावणं गेलं. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबला, त्यानंतरही पोलिसांची एक रांग मैदानाच्या मधोमध उभी होती. कशासाठी, तर लिव्हरपूलच्या चाहत्यांनी फॉरेस्टच्या चाहत्यांवर धावून जाऊ नये म्हणून! बहुतेक रुग्णवाहिका बाहेरच अडकल्या. चाहत्यांनी जाहिरातींचे फलक उखडले, त्यांचे स्ट्रेचर केले आणि जखमींना धावत पलीकडे नेलं. ज्यांच्यावर खिसे साफ केल्याचा आरोप झाला, ती हीच माणसं.

मला वाटतं, त्या दुपारचं सगळं दुर्दैव या एका चुकीत सामावलं आहे. मरणारा माणूस आणि हल्ला करणारा माणूस, दोघंही जाळीवर चढताना सारखेच दिसतात. पाहणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून काय आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

खोटं छापून कसं येतं

माणसं मरत असतानाच डकेनफील्ड यांनी फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्यांना सांगितलं, की चाहत्यांनी दार तोडलं. दार उघडण्याचा आदेश त्यांचा स्वतःचा होता. पण ती थाप तासाभरात रेडिओ-टीव्हीवरून जगभर गेली. युरोपीय फुटबॉल संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षांनी चाहत्यांची तुलना पशूंशी केली. नंतर त्यांना माफी मागावी लागली.

पुढच्या काही दिवसांत शेफिल्डमधल्या एका वृत्तसंस्थेने काही पोलीस अधिकारी आणि सत्ताधारी हुजूर पक्षाचे खासदार आयर्विन पॅटनिक यांच्या सांगण्यावरून बातमी पाठवली. खासदार स्वतः त्या दुपारी मैदानात नव्हते. पोलिसांकडून ऐकलेलं ते पुढे सांगत होते. बातमी अनेक दैनिकांकडे गेली आणि अनेकांनी ती छापली. बहुतेकांनी निदान ‘आरोप’ हा शब्द ठेवला. ‘सन’चे संपादक केल्विन मॅकेन्झी यांनी त्याच्या जागी ‘सत्य’ हा शब्द बसवला.

मी स्वतः काही वर्षं बातम्या लिहिण्या-तपासण्याचं काम केलं आहे. ‘सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’ हे शब्द किती सोयीचे असतात, ते मला ठाऊक आहे. इथे सूत्र कोण होतं? ज्यांच्यावर माणसं मारल्याचा ठपका येऊ शकत होता, तेच. ज्यांच्याबद्दल लिहिलं जात होतं, त्यांच्यातला एकही जण त्या तीन ओळींवर आपली बाजू मांडू शकला नाही. ते रुग्णालयात होते, नाहीतर शवागारात.

तिथेही त्यांची सुटका झाली नाही. कोरोनरने मृतांच्या रक्तातलं मद्याचं प्रमाण तपासलं, लहान मुलांचंही. ज्यांच्या रक्तात मद्याचा अंश आढळला, त्यांच्या नावावर आधीचे गुन्हे आहेत का, हेही पाहिलं गेलं. साऊथ यॉर्कशायर पोलीस दलात शिपायांच्या जबाबांवर कात्री चालवण्यात आली. स्वतंत्र समितीने नंतर मोजलं, तेव्हा १६४ जबाब बदललेले निघाले. त्यांपैकी ११६ जबाबांतून पोलिसांच्या कारभाराविरुद्धचा मजकूर काढला किंवा बदलला होता.

न्या. टेलर यांच्या अहवालाने पोलिसांचं नियंत्रण सुटणं हेच दुर्घटनेचं मुख्य कारण असल्याचं सांगितलं होतं. जाळ्या हटल्या, ओळखपत्राची योजनाही गुंडाळली गेली. पण १९९१ मध्ये मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीचा निकाल आला तो ‘अपघाती मृत्यू’ असा. सव्वातीननंतरच्या घडामोडी कोरोनरने विचारात घ्यायलाच नकार दिला. तोपर्यंत सगळ्यांच्या जखमा प्राणघातक ठरल्या होत्या, असं गृहीत धरलं गेलं. समितीने पुढे सांगितलं, की मृतांपैकी ४१ जण वाचण्याची शक्यता होती.

शहराने दिलेलं उत्तर

‘सन’चा तो अंक लिव्हरपुलात लोकांनी रस्त्यावर जाळला. दुकानदारांनी तो ठेवणं बंद केलं. गिऱ्हाइकांनी मागणं सोडलं. हा बहिष्कार कुठल्या पक्षाने पुकारलेला नव्हता आणि तो तीन दशकांनंतरही चालू राहिला. २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबने ‘सन’च्या पत्रकारांना आपल्या मैदानात बंदी घातली. त्यापाठोपाठ वेगळ्या एका लेखावरून एव्हर्टननेही घातली.

एव्हर्टन हा त्याच शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी क्लब. दुर्घटनेनंतरच्या शनिवारी दोन्ही क्लबांच्या चाहत्यांनी आपापले लाल-निळे मफलर एकमेकांना बांधून एका मैदानापासून दुसऱ्या मैदानापर्यंत, जवळजवळ मैलभर साखळी केली होती. हुल्लडबाजांच्या चित्रात बसणारं हे दृश्य नव्हतं.

मग चित्र थोडं बदललं. जनावर म्हणून चालेना, तर रडके म्हणून पाहू. ऑक्टोबर २००४ मध्ये ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाच्या अग्रलेखाने लिव्हरपूलकरांना दुःख कुरवाळत बसणारे ठरवलं, दारूड्या चाहत्यांचा आरोप पुन्हा केला आणि मृतांचा आकडाही चुकीचा दिला. त्याचे संपादक बोरिस जॉन्सन. त्यांना शहरात जाऊन माफी मागावी लागली. या दोन आरोपांमधला सारखेपणा पाहण्यासारखा आहे. गर्दी ओरडली तर ती हिंस्र, गर्दी रडली तर ती ढोंगी. तिने गप्प राहावं, एवढीच अपेक्षा.

ती गप्प राहिली नाही. ॲन विल्यम्स यांचा १५ वर्षांचा मुलगा केव्हिन त्या दुपारी गेला. सव्वातीननंतरही तो जिवंत होता, हे सिद्ध करण्यासाठी या बाईंनी साक्षीदार शोधले, अर्ज केले, नकार पचवले. १५ एप्रिल २००९ रोजी विसाव्या स्मृतिदिनाला ॲनफिल्ड मैदानावर मंत्री अँडी बर्नहॅम भाषण करत होते. प्रेक्षकांतून न्यायाची घोषणा उठली, आणि मग अख्खं मैदान ती देऊ लागलं. मंत्र्यांना भाषण थांबवावं लागलं. बर्नहॅम स्वतः एव्हर्टनचे चाहते. त्यांनी हा विषय सरकारपुढे नेला आणि कागदपत्रं खुली करण्यासाठी लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली गेली. ज्या सामूहिक आरडाओरड्याला वृत्तपत्रं वीस वर्षं रानटीपणा म्हणत आली, त्यानेच बंद दार उघडलं.

१२ सप्टेंबर २०१२ रोजी समितीचा अहवाल आला. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. दुसऱ्या दिवशी ‘सन’च्या पहिल्या पानावर ‘खरं सत्य’ अशा अर्थाचा मथळा होता. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने जुने निकाल रद्द केले. ॲन विल्यम्स यांनी ते पाहिलं. एप्रिल २०१३ मध्ये त्या कर्करोगाने गेल्या. नव्या चौकशीत मार्च २०१५ मध्ये डकेनफील्ड यांनी दाराबाबत खोटं बोलल्याची कबुली दिली. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीने निर्णय दिला : हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे आहेत आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्याला हातभार लागलेला नाही. दुर्घटनेला तेव्हा २७ वर्षं झाली होती.

शिक्षेच्या बाबतीत मात्र कुटुंबांच्या पदरी फारसं काही पडलं नाही. २०१९ मध्ये डकेनफील्ड निर्दोष सुटले. क्लबच्या माजी सचिवाला सुरक्षेतल्या हयगयीबद्दल ६,५०० पौंड दंड झाला. जबाब बदलल्याचा खटला २०२१ मध्ये कायद्याच्या एका व्याख्येवर कोसळला.

कर्ता नसलेलं वाक्य

आपल्याकडे अशा घटनेसाठी एक ठरलेलं वाक्य आहे, ‘चेंगराचेंगरी झाली.’ २९ सप्टेंबर २०१७ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ जण मेले, तेव्हा ते वापरलं गेलं. ४ जून २०२५ला बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर आपल्या संघाचा विजय साजरा करायला आलेले ११ जण मेले, तेव्हाही तेच. या वाक्यात कर्ता नाही. माणसांनीच माणसांना चेंगरलं, एवढाच अर्थ वाचणाऱ्याच्या मनात उरतो. पूल किती रुंद होता, दारं किती होती, बोलावलं कुणी, वळवायचं काम कुणाचं होतं, हे प्रश्न त्या दोन शब्दांखाली गाडले जातात. त्यात मेलेले तरुण एखाद्या खेळाडूचे किंवा नटाचे चाहते असतील, तर ‘कशाला गेले होते मरायला’ हा शेरा ठरलेलाच.

बाहेरच्या माणसाने एखाद्या गटाबद्दल लिहूच नये, असं माझं म्हणणं नाही. टेलर आणि बिशप जोन्सही त्या कोंडवाड्यात उभे राहिलेले नव्हते. पण त्यांनी आत असलेल्यांचं ऐकलं, कागद तपासले आणि मग लिहिलं. मॅकेन्झींना यातलं काहीच करायची गरज वाटली नाही. चाहते कसे असतात, हे त्यांना आधीच माहीत होतं.

९७वा बळी ठरलेला माणूस दुर्घटनेच्या वेळी २२ वर्षांचा होता. मेंदूला झालेल्या गंभीर दुखापतीसह तो ३२ वर्षं जगला आणि जुलै २०२१ मध्ये गेला. त्याचाही मृत्यू बेकायदा मनुष्यवधच असल्याचा निर्णय कोरोनरने दिला. त्यानंतर स्मारकावरचा आकडा ९६चा ९७ करण्यात आला.